आगगाडीने सोडलेली वाट

पर्वताचा पायथा नकाशावर जितका सौम्य दिसतो तितका सायकलीवरून जाणाऱ्याच्या अनुभवास येत नाही. शिखरांच्या प्रदेशात वाटा थोड्या असल्या तरी त्यांवरची रहदारीही बेताची असते, आणि मैदानात रहदारी दाट असली तरी तिला चुकवून जाणाऱ्या आडवाटा पुष्कळ सापडतात. पायथ्याच्या मुलखात मात्र दर खोऱ्याला एक नदी आणि एक रस्ता अशीच वाटणी निसर्गाने करून ठेवलेली असल्यामुळे, गिरणीचा मालट्रक, सुट्टीसाठी निघालेली मोटार आणि कॅरिअरच्या दोन्ही अंगांना पडश्या बांधून निघालेला सायकलप्रवासी या सर्वांना त्याच एका डांबरी पट्टीवर आपापले दैव आजमावावे लागते. यात कोणाचे दैव सर्वांत दुबळे, हे सांगावयास नको.

स्पेनच्या ईशान्य कोपऱ्यात, कातालोनियातील जिरोना प्रांतात, पिरेनीज पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी या अडचणीतून एक वाट निघाली आहे. आणि ती सायकलस्वारांसाठी कोणीही आखलेली नव्हती, ही तिच्याविषयीची सर्वांत मनोरंजक गोष्ट होय. ओलोत या डोंगराळ गावापासून जिरोना शहरापर्यंत सुमारे ५४ किलोमीटर जाणारी ही वाट म्हणजे एका बंद पडलेल्या छोट्या आगगाडीचा मार्ग आहे. रूळ व स्लीपर काढून, त्या जागी मुरूम दाबून, तो आता पादचारी आणि सायकलस्वार यांच्या स्वाधीन केलेला आहे. अशा मार्गांना त्या देशात ‘हिरव्या वाटा’ म्हणतात.

बंद पडलेला लोहमार्ग सायकलीला इतका का मानवतो, याचे उत्तर वाफेच्या इंजिनाच्या एका दौर्बल्यात आहे. पोलादी रुळावरून फिरणाऱ्या पोलादी चाकाला घर्षण फार कमी. त्यामुळे सपाटीवर ते थोड्या शक्तीने प्रचंड ओझे ओढते खरे, पण चढ लागताच त्याची पकड सुटू लागते. आपल्याकडे १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेत दर ३७ फुटांना एक फूट, म्हणजे शेकडा पावणेतीनच्या आसपास, एवढाच चढ आहे. तरीही कर्जतला बहुतेक गाड्यांच्या मागे जादा इंजिने जोडल्यावाचून आजही निभत नाही. मोटारींच्या घाटरस्त्यावर शेकडा आठाचा चढ ही काही नवलाची बाब नव्हे, पण रेल्वेच्या अभियंत्याला असला चढ सर्वथा निषिद्ध होता, आणि म्हणून डोंगराची सोंड आडवी आली की तिला वळसा घालीत, ओढ्यावर पूल टाकीत, टेकाड खोदून आणि खळगा भरून त्याने जी रेषा आखली, ती पर्वताशी झुंजणारी नसून त्याची मनधरणी करणारी रेषा झाली. मनुष्याच्या मांड्यांची शक्ती आणि जुन्या इंजिनाची पकड यांची कुवत वेगवेगळी असली, तरी दोघांनाही हवा असतो तो एकच चढ. शेकडा आठाच्या रस्त्यावर शंभर मीटर पुढे जाताना स्वतःसकट सारे सामान आठ मीटर वर उचलावे लागते. लोहमार्गावर बहुधा एक-दोन मीटर उचलून भागते. पहिल्या ठिकाणी हौशी माणूस उतरून सायकल ढकलू लागतो, आणि दुसऱ्या ठिकाणी तो शेजारच्याशी गप्पा मारीत जातो.

ओलोतची ही गाडी मोठी ऐटबाज होती अशातला भाग नाही. तिच्या दोन रुळांमधले अंतर ७५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटांहूनही किंचित कमी. आणि बार्शीची गाडी १८९७ साली सुरू झाली त्याच्या दोनच वर्षे आधी, १८९५ मध्ये, हिचा पहिला टप्पा खुला झाला. अरुंद मार्गाला तीव्र वळणे चालतात, त्यामुळे डोंगर फोडण्याचा खर्च वाचतो, आणि गरीब मुलखाला परवडेल अशी रेल्वे उभी राहते, हा त्या काळचा व्यापारी हिशेब दोन्ही ठिकाणी सारखाच होता. पुढे खोरे चढत चढत हे रूळ ओलोतला पोचावयास १९११ साल उजाडले, आणि मोटारी व मालट्रक यांच्या स्पर्धेपुढे निरुपाय होऊन १९६९ साली ही गाडी कायमची थांबली.

यानंतर जे घडले त्याचे महत्त्व रूळ टाकण्याहून कमी नाही, असे माझे मत आहे. लोहमार्ग बंद झाला म्हणजे मागे काय उरते? रूळ भंगारात जातात, स्टेशनांची कौले उडतात, पुलांना गंज चढतो. पण या सर्वांहून मोलाची एक वस्तू उरते, आणि ती कोणाच्या सहसा नजरेत भरत नाही. ती म्हणजे जमिनीची सलग पट्टी. शेकडो शेतांतून, कित्येक गावांच्या हद्दींतून, भूसंपादनाचे दावे मिटवून आणि नुकसानभरपाईचे हप्ते चुकवून एकदा मिळविलेली ही अखंड पट्टी बाजूच्या जमीनदारांना तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, कोणी तीत गोठा बांधला, कोणी कुंपण सरकविले, की पुन्हा ती जुळवून आणणे कोणत्याही सरकारास दुष्कर होऊन बसते. स्पेनमध्ये असे निरुपयोगी झालेले मार्ग सात हजार सहाशे किलोमीटरांहून अधिक होते. १९९३ साली तेथील रेल्वे-प्रतिष्ठानाने सरकारी खात्यांच्या साहाय्याने हे मार्ग वाटसरूंसाठी राखण्याची योजना हाती घेतली, आणि आज त्यांपैकी तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या हिरव्या वाटा तयार झाल्या आहेत. उरलेल्यांपैकी कितीएक पट्ट्यांवर वहिवाट बदलून गेली असेल, याची कल्पना आपल्याकडील तलाठ्याच्या दफ्तराशी परिचय असलेल्या वाचकास सहज करता येईल.

बहुतेक प्रवासी ओलोतहून खाली जिरोनाकडे येतात, आणि तेच शहाणपणाचे. ओलोतची समुद्रसपाटीपासूनची उंची ४४३ मीटर, जिरोनाची ७० च्या आसपास. मात्र मधे बास नावाची खिंड ६२० मीटरांवर आहे, तेव्हा आरंभीच्या थोड्या अंतरात चढ चुकत नाही. हा सारा गारोचाचा ज्वालामुखींचा प्रदेश. सुमारे चाळीस मृतप्राय ज्वालामुखी येथे विखुरलेले असून त्यांपैकी मोंत्साकोपा तर खुद्द ओलोतच्या वस्तीतच उभा आहे, आणि जवळच्या क्रोस्कात ज्वालामुखीतून हजारो वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या खडबडीत थरावर बीच वृक्षांचे एक विख्यात अरण्य माजले आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसाला येथील बेसाल्टचे बांध पाहून क्षणभर ओळख पटल्यासारखे वाटावे. पण वयाचा फरक ध्यानात घेतला पाहिजे. आपला दख्खनचा कातळ सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, त्यापुढे हा कालपरवाचा. ओलोतला पाऊसही फार. तेथे पडला नाही तर कोठेच पडला नसेल, अशी लोकांत म्हण आहे, तेव्हा पडशीत पावसाळी अंगरखा असू द्यावा.

लेस प्रेसेस आणि सांत एस्तेवे ही गावे मागे टाकून, बासच्या सुपीक सपाट खोऱ्यातून खिंड ओलांडली की मग सांत फेलिउ द पालेरोल्स, लेस प्लानेस, अमेर असा उतार सुरू होतो. खिंडीपासून जिरोनापर्यंतच्या चाळीस-बेचाळीस किलोमीटरांत एकूण साडेपाचशे मीटर उतरावयाचे, म्हणजे सरासरीने दर शंभर मीटरला सव्वा मीटरहून थोडे अधिक. पायडल मारण्याची सक्ती नाही आणि ब्रेक आवळून धरण्याची धास्तीही नाही.

ज्याला इतिहासाचा नाद आहे त्याने मात्र या टापूतून घाईने जाऊ नये. पंधराव्या शतकात येथील कुळे जमिनीला बांधलेली होती. धन्याला खंडणी भरल्यावाचून त्यांना शेत सोडून जाता येत नसे, आणि वारसा, विवाह, आग अशा निमित्तांनी धनी आणखी दंड उकळीत. फ्रांसेस्क द वेर्नतायात हा याच बासच्या खोऱ्यातला. त्याच्या नेतृत्वाखाली १४६२ पासून कुळांनी शस्त्र उचलले आणि होस्तोलेसच्या किल्ल्याचा आश्रय करून ती धन्यांशी झगडली. दुसऱ्या उठावानंतर १४८५ मध्ये अमेर येथे तडजोडीच्या वाटाघाटी झाल्या, आणि पुढील वर्षी राजा फेर्नांदो याने ग्वादालुपे येथे निवाडा देऊन, रक्कम चुकती करण्याच्या अटीवर, त्या जाचक रूढी रद्द केल्या. रयतेला जाच सोसवेना म्हणजे ती गाव सोडून परागंदा होते, हे आपल्या इतिहासात वारंवार आढळते. येथे परागंदा होण्याचाच हक्क विकत घ्यावा लागत होता. अमेरच्या कमानींनी वेढलेल्या विस्तीर्ण चौकात सायकल टेकवून कॉफी घेणाऱ्यास या गोष्टीची दखल असलेली बरी.

अमेरच्या पुढे तेर नदी भेटते, डोंगर दूर सरकतात, आणि आंग्लेस, बेस्कानो, साल्त अशा वस्त्यांतून वाट शहरात शिरते. हा शेवटला भाग रुक्ष आहे. त्याची स्तुती करण्याचे कारण नाही. जिरोनाहून समुद्रकाठच्या सांत फेलिउ द गिशोल्सपर्यंत आणखी एका अरुंद रेल्वेची सुमारे चाळीस किलोमीटरांची वाट आहे; ती गाडी १८९२ ची, आणि तीही १९६९ सालीच बंद झाली.

रहदारीमुक्त हे विशेषण मात्र अक्षरशः घेऊ नये. गावांत शिरताना आणि जेथे जुनी पट्टी हातची गेली आहे तेथे मोटारींचे रस्ते ओलांडावे लागतात, कोठे थोडा वेळ त्यांच्या संगतीनेही जावे लागते. या सर्व वाटा गुंफून, सीमा ओलांडून फ्रान्समध्ये जाऊन परतणारे साडेतीनशे किलोमीटरांचे ‘पिरिनेक्सुस’ नावाचे एक वर्तुळही आखलेले आहे. त्यात रिपोल ते सांत जोआन हा कोळसा आणि लोखंड यांसाठी १८८० साली झालेला रेल्वेमार्ग येतो, पण रेल्वे जेथे थांबली तेथून पुढे १,५१३ मीटर उंचीची आरेस खिंड सरळ मोटाररस्त्याने चढावी लागते, आणि अभियंत्याने केलेली मेहेरबानी म्हणजे काय हे तेथे पहिल्याच मैलात कळते. दक्षिणेकडे आंदालुसियात पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा अशी ३६ किलोमीटरांची वाट तर याहून विलक्षण. तीस बोगदे, चार मोठे पूल, स्टेशनांच्या इमारती असा सारा सरंजाम सिद्ध झाला, यादवी युद्धाच्या धामधुमीत काम थांबले, आणि त्या मार्गावरून एकही आगगाडी कधी धावली नाही. त्यावरून जाणारी पहिली नियमित वाहने म्हणजे सायकलीच होत.

ओलोतकरांना विचारले तर गाडी गेल्याचा आनंद ते व्यक्त करतील असे समजू नये. तो मुलूख अद्याप रेल्वेवाचून आहे. आणि सायकलीने उतरू इच्छिणाऱ्या पाहुण्याला जिरोनाहून आधी ओलोतपर्यंत बसनेच चढून जावे लागते. सायकल बरोबर नेण्याचा खटाटोप टाळून तेथेच भाड्याने घ्यावी हे सोयीचे.