अठ्ठावीसचा घोळ

मंगळाच्या हवेत अमुक वायू ‘सापडला’, अशी बातमी आली की मला आधी विचारावंसं वाटतं: वायू सापडला, की त्याचे तुकडे? आपल्या मंगळयानावरचं ‘मेन्का’ हे उपकरण आत शिरणाऱ्या रेणूंवर इलेक्ट्रॉनचा मारा करायचं आणि तयार झालेले आयन वस्तुमानाप्रमाणे मोजायचं. मूळ रेणू कोणता, हा त्यानंतरचा तर्क.

खरं तर इलेक्ट्रॉनच्या धक्क्याने रेणू फुटूच नये. नायट्रोजनचा रेणू त्याच्यापेक्षा सुमारे ५१ हजारपट जड. ७० इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन सेकंदाला ५,००० किलोमीटर वेगाने निघून जातो. अणुकेंद्रकांना हलायलाही सवड मिळत नाही. पण जाताना तो रेणूतला एखादा इलेक्ट्रॉन उडवतो, आणि कुठला उडवला यावर सगळं ठरतं. दहीहंडीच्या थरांत वरचा गोविंदा उतरला तर मनोरा टिकतो. खालच्या थरातला निसटला की सगळे खाली. रेणूचंही तसंच: कधी अख्खा आयन उरतो, कधी तुकडे. कार्बन टेट्राफ्लोराइडचा तर अख्खा आयन टिकतच नाही.

मंगळावर बहुतांश कार्बन डायऑक्साइड, वस्तुमान ४४. तो फुटला की २८, १६ आणि १२ वरही आयन दिसतात. पण नायट्रोजन २८ आणि कार्बन मोनॉक्साइडही २८! म्हणूनच मेन्काच्या निष्कर्षांत २८ च्या खात्यावर या दोघांची नावं जोडीनेच येतात.

हा हिशेब सोडवायचा तर कोणता रेणू किती प्रमाणात कसा फुटतो, याचे तक्ते लागतात. यान उडतं तेव्हा टाळ्या वाजतात. तक्ते करणाऱ्यांना कोण विचारतं? ई. कृष्णकुमार यांनी एस. के. श्रीवास्तव यांच्यासोबत १९९० मध्ये नायट्रोजनची अशी मोजमापं प्रसिद्ध केली. पुढे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कृष्णकुमार यांचं याच विषयावर काम चालू राहिलं. काम किचकट. अख्खा आयन संथपणे शोधकात येतो, पण फुटलेले तुकडे सेकंदाला काही किलोमीटर वेगाने भलतीकडे उडतात. ते हातून सुटले की तक्त्यातला आकडा कमी भरतो, आणि ती चूक थेट मंगळापर्यंत पोहोचते.

इलेक्ट्रॉनची ऊर्जा १५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली तर? कार्बन मोनॉक्साइडला १४ पुरतात, नायट्रोजनला १५.६ लागतात आणि कार्बन डायऑक्साइडमधून २८ चा तुकडा सुटायला १९ च्या वर. म्हणजे २८ वर एकटा कार्बन मोनॉक्साइड उरेल. युक्ती झकास, पण इतक्या कमी ऊर्जेला आयन फारच थोडे बनतात, आणि मंगळाच्या विरळ बाह्यावरणात मुळात रेणूच मोजके.