विहिरीत सोडलेली दोन मडकी

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा पावसाळा पर्लकोटा नदीच्या पुराशी बांधलेला आहे. पाणी पुलावर चढलं की पलीकडची गावं तालुक्यापासून तुटतात. नेमक्या याच दिवसांत उघड्या विहिरींत उतारावरचं गढूळ पाणी शिरतं आणि हगवण, कावीळ, कॉलरा यांची धास्ती वाढते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तेव्हा भिस्त असते ती ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकावर आणि त्याच्याकडच्या टीसीएल पावडरीवर.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, उष्ण हवेत टिकावी म्हणून जास्त चुना घातलेली. विरलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू सोडून ती बनवतात. ताज्या पावडरीत वजनाच्या साधारण 33 टक्के उपयोगी क्लोरीन असतो. पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडून जातो. ज्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तिथे मागच्या वर्षीचं पोतं विश्वासाचं नाही. वास आला म्हणजे ताकद शाबूत आहे, असंही नाही.

पाण्यात पडल्यावर पावडरीतून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. खरं काम त्याचं. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो जिवाणूच्या भिंतीतून सहज आत शिरतो आणि आतली विकरं निकामी करतो. पाण्याचा सामू वाढला की याच आम्लाचा हायपोक्लोराइट आयन होतो. तो ऋणभारित, जिवाणूची भिंतही ऋणभारित, त्यामुळे तो तिथेच अडतो आणि त्याची मारकशक्ती कित्येक पटींनी घटते. सामू 7.5 असताना दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे असतात, 8.5 ला आम्ल दहा टक्क्यांच्या आसपास उरतं. गढूळ पाण्यातला पालापाचोळा आणि माती तर जंतूंच्या आधीच क्लोरीन खाऊन टाकतात.

पावडर एकदम ओतण्यातली अडचण इथेच आहे. सकाळी पाण्याला उग्र वास येतो, लोक तोंड फिरवतात. संध्याकाळपर्यंत क्लोरीन संपलेला असतो आणि बादल्या मात्र विहिरीत उतरतच असतात. नागपूरच्या नीरी या संस्थेने यावर शोधलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. 1958 साली सुरू झालेल्या या राष्ट्रीय संस्थेने कुंभाराच्या मडक्यांतून क्लोरीन मुरत-मुरत सोडायची रीत बसवली.

बाहेरचं मडकं 30 सेंटिमीटर उंच आणि 25 सेंटिमीटर व्यासाचं, आतलं 28 उंच आणि 16 व्यासाचं. दोन्हींना एक-एक सेंटिमीटरचं भोक. आतल्याचं काठाजवळ वर, बाहेरच्याचं तळापासून चार सेंटिमीटरवर. एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू किंचित ओली करून आतल्या मडक्यात भरायची, भोकाच्या तीन सेंटिमीटर खालपर्यंत. मग ते बाहेरच्यात ठेवून तोंड प्लास्टिकने बांधायचं आणि दोराने पाण्याखाली किमान एक मीटर सोडायचं. वाळू पावडरीला सावकाश विरघळू देते. क्लोरीन आधी आतल्या मडक्याच्या वरच्या भोकातून निघतो, मग बाहेरच्याच्या खालच्या भोकातून विहिरीत. साडेचार हजार लिटरच्या, रोज 360 ते 450 लिटर उपशाच्या घरगुती विहिरीला ते दोन-तीन आठवडे पुरतं. एकेरी मडकं एवढ्या लहान विहिरीत क्लोरीन प्रमाणाबाहेर उतरवतं, म्हणून दुसऱ्याची सोय.

मडकी आत आहेत म्हणून निश्चिंत राहून चालत नाही. ओटी टेस्टमध्ये नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की उरलेल्या क्लोरीनप्रमाणे पिवळा रंग चढतो. भारतीय मानकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. रंग आला नाही, तर मडकी वर काढून ताजी पावडर भरायची.

एका गोष्टीपुढे मात्र ही मडकी हतबल आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळतं. तेही हॅलोजन कुळातलंच, पण खडकातून विरघळून येणारं. दात आणि हाडं बिघडवणाऱ्या या फ्लोराइडला क्लोरीन हातही लावत नाही. तिथे दुसरा स्रोत शोधावा लागतो किंवा फ्लोराइड गाळणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागते.