विश्लेषण : पावसात माळशेज उतरताना सायकलचा ब्रेक साथ देईल का? डिस्क आणि पॅड कसे निवडावेत?

पावसाळा सुरू झाला की सुट्टीच्या दिवशी पहाटे कल्याण-मुरबाड रस्त्यावर सायकलस्वारांचे गट दिसू लागतात. सरळगाव, टोकावडे, मोरोशी मागे टाकत कोणी माळशेज घाट चढतो. शहापूरच्या बाजूला कोणी आसनगावहून माहुलीच्या पायथ्याकडे वळतो, तर कोणी कसाऱ्याकडे. चढताना कस लागतो तो पायांचा. उतरताना मात्र सगळी भिस्त असते ती चाकाच्या मधोमध बसवलेल्या पोलादी चकतीवर आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या छोट्या पॅडवर. तरीही माउंटन बाइक घेताना ‘डिस्क ब्रेक आहे ना?’ एवढे विचारून बहुतेक जण थांबतात. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. डिस्क कोणती, केवढी आणि तिच्यात पॅड कसले?

घाटात ब्रेकवर किती ताण येतो?

ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन ५०० मीटर खाली उतरले असे धरले, तर सुमारे ४ लाख १६ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. साधारण सव्वा लिटर पाणी उकळायला एवढी ऊर्जा पुरेशी आहे. हवेचा आणि रस्त्याचा विरोध यातला काही वाटा उचलतो. पण धुके, ओला रस्ता आणि समोरून येणारे ट्रक यांमुळे वेग कमी ठेवावा लागतो, तेव्हा बहुतेक भार दोन चकत्यांवर येतो.

रिमला घासणाऱ्या जुन्या ब्रेकमध्ये रिम ओली झाली की पकड लगेच घटते आणि चिखलातले कण रिम खातात. चकती जमिनीपासून उंच असल्याने तुलनेने स्वच्छ राहते आणि पाणी लवकर झटकते. म्हणूनच या भागात डिस्क ब्रेक उपयोगाचा ठरतो.

मेकॅनिकल की हायड्रॉलिक?

मेकॅनिकल डिस्कमध्ये लिव्हर दाबल्यावर तार ओढली जाते. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये एकच पॅड हलतो आणि तो चकतीला दुसऱ्या, स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजतील तसे अंतर हाताने जुळवावे लागते. तारेच्या नळीत पाणी-माती शिरली की लिव्हर जड होतो. मात्र तार तुटली तर साध्या सायकल दुकानातही ती बदलून मिळू शकते.

हायड्रॉलिकमध्ये तारेऐवजी तेल असते. एका बोटाने दाबले तरी पुरेसा जोर मिळतो, दोन्ही पॅड सारखे दाबले जातात आणि झिजेनुसार अंतर आपोआप जुळते. लांब उतारावर हात आखडत नाहीत, हा मोठा फायदा. अडचण दुरुस्तीची आहे. नळीत हवा शिरली तर ‘ब्लीडिंग’ करावे लागते. त्यासाठी योग्य किट, योग्य तेल आणि जाणता मेकॅनिक हवा.

त्यामुळे निवड वापरावरून करावी. रोज गावातून शाळा, कॉलेज किंवा कामावर जायला आणि अधूनमधून कच्च्या रस्त्याला सायकल लागत असेल, तर चांगला मेकॅनिकल ब्रेक पुरतो. घाट वारंवार उतरायचा असेल तर हायड्रॉलिकचा जादा खर्च योग्य ठरतो. जुन्या सायकलला डिस्क लावायची असल्यास फ्रेम आणि फोर्कवर कॅलिपर बसवायची जागा आणि हबवर चकतीची जागा आहे का, हे आधी पाहावे. ती नसेल तर खर्च फार वाढतो.

चकती केवढी हवी?

माउंटन बाइकवर १६०, १८० आणि २०३ मिलिमीटर व्यासाच्या चकत्या सर्रास दिसतात. त्याच जोरात १८० ची चकती १६० पेक्षा सुमारे साडेबारा टक्के आणि २०३ ची सुमारे २७ टक्के जास्त रोध देते. मोठी चकती उष्णताही लवकर सोडते. ब्रेक लावताना वजन पुढे सरकते. म्हणून एकच चकती बदलायची असेल तर पुढची मोठी करावी. त्यासाठी योग्य ॲडॅप्टर लागतो. फोर्कच्या कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये.

रेझिन पॅड घ्यावेत की सिंटर्ड?

घाटातला फरक इथे सर्वाधिक जाणवतो. रेझिन किंवा ऑरगॅनिक पॅड मऊ असतात. ते आवाज कमी करतात आणि थंड असतानाही चटकन पकडतात. पण ओल्या, रेताड चिखलात ते भराभर झिजतात आणि फार तापले की पकड सोडतात.

सिंटर्ड पॅड धातूची भुकटी दाबून, तापवून बनवतात. ते पाण्या-चिखलात जास्त टिकतात आणि उष्णता सोसतात. मात्र ओले असताना किंचाळतात आणि कॅलिपरकडे जास्त उष्णता पोहोचवतात. या दोन्हींच्या मधला पर्याय म्हणजे सेमी-मेटॅलिक.

कोरड्या दिवसांत आणि सपाट रस्त्यावर रेझिन, तर जून ते सप्टेंबरमध्ये घाट-चिखलासाठी सिंटर्ड, असा ढोबळ नियम धरता येतो. पण त्याआधी चकतीवरची अक्षरे वाचावीत. अनेक स्वस्त चकत्यांवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना कोरलेली असते. अशा चकतीवर सिंटर्ड पॅड लावल्यास ती लवकर खराब होते. पॅडचा आकारही कॅलिपरनुसार बदलतो. दुकानात जाताना कॅलिपरवरचा मॉडेल क्रमांक मोबाइलमध्ये टिपून न्यावा किंवा जुना पॅडच सोबत न्यावा.

तेल कोणतेही चालते का?

अजिबात नाही. शिमानो आणि टेक्ट्रोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात, तर स्रॅमच्या (SRAM) अनेक ब्रेकमध्ये डॉट ५.१ लागते. एकाच्या जागी दुसरे भरले तर आतले रबरी सील खराब होतात. डॉट तेल हवेतली आर्द्रता शोषते. कोरड्या डॉट ५.१ चा उत्कलनबिंदू किमान २६० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १८० अंशांवर येते. कोकणपट्टीतल्या दमट हवेत ते वेळेवर बदलणे म्हणूनच महत्त्वाचे.

ब्रेक जातोय हे कसे ओळखावे?

लिव्हर कडक लागतो पण सायकल थांबत नाही, तर पॅड अति तापले आहेत किंवा त्यांना तेल लागले आहे. लिव्हर मऊ होऊन हँडलपर्यंत येतो, तर तेल उकळले आहे किंवा नळीत हवा आहे. दोन्ही वेळी बाजूला थांबून ब्रेक थंड होऊ द्यावा. चकतीला हात लावू नये, चटका बसतो. लिव्हर मऊच राहिला तर पुढचा उतार सायकल हातात धरून पार करावा.

उतारावर ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करावा आणि मग सोडावेत. मधल्या वेळात चकती थंड होते.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

- पॅडचा मसाला : शिमानोच्या पॅडवर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदलावेत. पावसात एकाच मोठ्या फेरीत बरीच झीज होऊ शकते.
- चकतीची जाडी : किमान जाडी बहुधा चकतीवरच लिहिलेली असते. शिमानोच्या चकतीसाठी ती १.५ मिलिमीटर आहे.
- तेलाचे डाग : साखळीला तेल देताना किंवा स्प्रे मारताना चकती झाकावी. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते, पण तेल प्यालेला पॅड बदललेलाच बरा.
- नवे पॅड : ते लावून थेट घाटात जाऊ नये. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून २० वेळा आणि नंतर थोड्या जास्त वेगातून १० वेळा, चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावावा. चाक पूर्ण अडवू नये. याने पॅड चकतीवर ‘बसतात’.
- गाडीतून नेताना : चाक काढले असेल तर हायड्रॉलिकचा लिव्हर दाबू नये, पॅड एकमेकांना चिकटतात. मध्ये प्लास्टिकची पट्टी किंवा जाड पुठ्ठा अडकवावा.

शेवटची चाचणी सर्वांत सोपी. घरासमोर सायकलवर बसून, ती न चालवता, दोन्ही लिव्हर पूर्ण जोरात दाबून धरावेत आणि सायकल पुढे ढकलावी. चाक हलले किंवा लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकला, तर त्या दिवशी माळशेज रद्द करून आधी दुरुस्ती करावी.