तिने तिशीची वाट का पाहावी?

एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे : ‘धाकटी बहीण 27 वर्षांची, एचआयव्हीबाधित. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी तिशीनंतरच होते, असं आरोग्य केंद्रात सांगितलं. थांबायचं का?’

अजिबात थांबू नका. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग बहुतेकींना कधी ना कधी होतो आणि वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या शरीरात मात्र तो मुक्काम ठोकतो. त्यातून गर्भपिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग व्हायला एरवी 15 ते 20 वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर 5 ते 10 पुरतात. एचआयव्हीबाधित स्त्रीला हा धोका सुमारे सहापट. तिशीची अट सर्वसाधारण स्त्रियांसाठी आहे. हिच्यासारख्यांची तपासणी 25व्या वर्षीच सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटना 2021पासून सांगते आहे.

आपल्या प्राथमिक केंद्रांत बहुधा ‘व्हीआयए’ होते. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींत प्रथिनं ठासून भरलेली असतात. लिंबू पिळल्यावर दूध फाटावं तशी ती गोठतात आणि तेवढाच भाग पांढरा दिसतो. प्रयोगशाळा नको, यंत्र नको! मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ही तपासणी केली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

पण एकदाच तपासायची संधी असेल तर? त्याचं उत्तर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याने जगाला दिलं, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. 1999पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि कर्करोग संशोधक डॉ. आर. शंकरनारायणन यांनी तिथल्या 1 लाख 31 हजारांवर स्त्रियांना चार गटांत विभागून अभ्यास केला. 2009मध्ये निष्कर्ष आले : एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्म्यावर. एकदाच केलेल्या व्हीआयएने किंवा पॅप या पेशीतपासणीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

एचपीव्हीच्या लशीच्या बातम्यांच्या गजरात तपासणीचं हे महत्त्व मागे पडतं. लस हवीच, पण आधीच झालेला संसर्ग ती घालवत नाही. एचपीव्ही चाचणीचा नमुना तर बाई स्वतःही घेऊ शकते. एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी एआरटी केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला तिथेच ही चाचणी मिळायला हवी.

तेव्हा ताई, बहिणीला आताच न्या. एचपीव्ही चाचणी मिळाली तर उत्तम; निर्दोष आली तरी 3 ते 5 वर्षांनी पुन्हा करा. नाहीच मिळाली, तर व्हीआयए करून घ्या, दर 3 वर्षांनी. चाचणीत विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला असं नाही. कर्करोगाआधीचे डाग वेळीच कळले तर बाह्यरुग्ण विभागातच उपचार होऊ शकतात. उपचारानंतर वर्षभराने मात्र फेरतपासणी चुकवू नका.