मण्यार चावते तेव्हा नेमकं काय तुटतं?

मेंदू आणि मज्जा : लेखांक १२

पक्षाघातानंतर मेंदू हरवलेली कामं पुन्हा कशी शिकतो, ते या आठवड्यात लिहायचं होतं. ते पुढच्या रविवारी. साकूर पठारावरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न इतका नेमका आहे, की त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्यांच्या नात्यातला एक तरुण पावसाळ्यात ओसरीवर अंथरूण टाकून झोपला होता. पहाटे पोटात कळा यायला लागल्या. जेवण बाधलं असेल म्हणून घरच्यांनी ओव्याचं पाणी दिलं. उजाडता उजाडता त्याच्या पापण्या जड झाल्या, एकाची दोन माणसं दिसायला लागली, चहाचा घोट नाकावाटे बाहेर आला. संगमनेरला आणेपर्यंत त्याला मान धरवत नव्हती. अंगावर सूज नाही, दाताची खूण शोधूनही सापडेना. डॉक्टरांनी मात्र पापण्या पाहूनच ओळखलं, की मण्यार चावली आहे. पुढचे कित्येक दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. हातपाय लुळे, बाहुल्या विस्फारलेल्या, उजेड टाकला तरी हलेनात. ‘आता कशाला यातना द्यायच्या’ अशी कुजबुज पाहुण्यांत सुरू झाली. आणि एके सकाळी त्याच्या पायाचा अंगठा हलला. आज तो गडी उसाला पाणी भरतो.

वाचक विचारतात, “गेल्या आठवड्यात तुम्ही लिहिलंत, मज्जारज्जूतला तंतू एकदा तुटला की पुन्हा वाढत नाही. मग मण्यारीनं मारलेल्या नसा परत आल्या कशा?”

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तंतू कुठे तुटला, त्याला किती अंतर पुन्हा चालायचं आहे आणि वाटेवर त्याला सांभाळून घेणारं कोण उरलं आहे, यावर सगळं ठरतं.

त्या अंगठ्यापासूनच सुरुवात करू. अंगठा हलवणाऱ्या चेतापेशीचं बूड पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या खालच्या भागात असतं. तिथून निघालेला एकच धागा मांडी-पोटरीतून खाली उतरतो. उंच माणसात तो जवळपास मीटरभर लांब भरतो. स्नायूपाशी आल्यावर त्याला फांद्या फुटतात आणि एकेक फांदी एकेका स्नायूतंतूवर बोंडासारखी टेकते. या बोंडात ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या हजारो सूक्ष्म पिशव्या भरलेल्या असतात. बोंड आणि स्नायू यांच्यातली फट मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाएवढी. मेंदूकडून हुकूम आला की पिशव्या फुटतात, रसायन फट ओलांडतं, पलीकडच्या ग्राहक-रेणूंना चिकटतं आणि स्नायू आखडतो. पापणीपासून छातीच्या पडद्यापर्यंत सगळीकडे हाच व्यवहार चालतो.

नाग आणि मण्यार, दोघांचंही विष याच फटीपाशी घाला घालतं, पण वेगवेगळ्या बाजूंनी. नागाच्या विषातले रेणू पलीकडच्या काठावर, स्नायूच्या ग्राहकांवर जाऊन बसतात. बोंड शाबूत असतं, रसायनही सुटत असतं, फक्त त्याला जागा मिळत नाही. म्हणून नागाच्या दंशात प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मीन दिलं की पुष्कळदा लवकर फरक पडतो. हे औषध ॲसिटिलकोलीनला फटीत जास्त वेळ टिकवतं. मण्यारीच्या विषातला घातक घटक अलीकडच्या काठावर काम करतो. तो बोंडाला धरतो आणि त्याच्या पडद्यातली मेदद्रव्यं तोडायला लागतो. पिशव्या रिकाम्या होतात आणि पाठोपाठ बोंडच फुटून नाहीसं होतं. जिथे रसायन सोडणारंच कुणी उरलं नाही, तिथे ते टिकवणारं औषध काय करणार? प्रतिविषाचंही तसंच आहे. रक्तात फिरणारं विष ते पकडतं, म्हणून ते लवकरात लवकर द्यायलाच हवं. पण मोडलेलं बोंड बांधून देणं त्याच्या हातात नाही. श्रीलंकेत मण्यारीच्या रुग्णांचा बारकाईनं अभ्यास झाला तेव्हाही हेच दिसलं. प्रतिविषानं रक्तातलं विष बांधलं गेलं, पण सुरू झालेला लुळेपणा त्यानं मागे फिरला नाही.

मग माणूस बरा कसा होतो? इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डिक्सन आणि हॅरिस या संशोधकांनी १९९९ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी मण्यारीच्या जातीचं हे विष उंदरांच्या मागच्या पायात टोचलं आणि ठरावीक वेळांनी स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काही तासांत पाय लुळा पडला, दिवसभरात बहुतेक बोंडं नष्ट झाली. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून मात्र नवी टोकं फुटून स्नायूवर येऊ लागली. व्हेंटिलेटरवरचे ते दिवस म्हणजे याच वाढीचा काळ.

आपल्या शेतकऱ्याला हे लगेच उमजेल. विहिरीवरची मोटार बंद पडली आणि केबल मध्येच जमिनीत तुटलेली असली, तर सगळी चारी उकरावी लागते. केबल शाबूत असून फक्त स्टार्टरपाशी टोक जळालं असेल, तर टोक सोलून पुन्हा जोडलं की पाणी सुरू. मण्यार टोक जाळते. मीटरभराचा धागा तसाच असतो, स्नायू जिवंत असतो आणि वाढायचं अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी असतं.

शिवाय टोकाची जागा राखून ठेवलेली असते. बोंडावर पांघरुणासारख्या पसरलेल्या श्वान पेशी बोंड गेलं तरी तिथेच राहतात आणि नव्या टोकाला वाट दाखवतात. १९७८ मध्ये सेन्स, मार्शल आणि मॅकमहॅन यांनी बेडकावर एक प्रयोग केला. त्यांनी चेतातंतू तोडला आणि स्नायूतंतूही नष्ट केला. मागे उरलं ते फक्त स्नायूभोवतीचं पातळ आवरण. तरीही वाढत आलेला तंतू त्या रिकाम्या आवरणावर, जिथे जुनं बोंड होतं त्याच जागी येऊन थांबला. स्नायू नाही, बोंड नाही, पण पत्ता आवरणात लिहिलेला! चेतासंस्थेवरचं जेवढं काही मी आजवर वाचलं, त्यात या प्रयोगाइतका आनंद फार थोड्या गोष्टींनी दिला.

आता असाच हातातला धागा वर दंडापाशी कापला गेला तर? हातापायातला तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. दंडापासून बोटांच्या स्नायूंपर्यंतचं अर्ध्या मीटरचं अंतर कापायला दीड वर्ष लागतं, आणि तोवर वाट पाहून स्नायू वाळायला लागतो. म्हणून कापलेली नस जोडायला वेळ दवडू नये म्हणतात. मज्जारज्जूत तर श्वान पेशीच नाहीत. तिथल्या तंतूंभोवतीच्या आवरणात वाढ रोखणारे रेणू असतात, वर जखमेचा व्रण आडवा येतो. गेल्या आठवड्यातल्या लेखात आलेले संशोधक अग्वायो यांनी पायातल्या नसेचा तुकडा तिथे पुलासारखा बसवला आणि तंतू वाढले, ते त्या तुकड्यात श्वान पेशी असल्यामुळे.

वयाचा प्रश्नही इथेच जोडलेला आहे. वय वाढलं की हातापायातल्या नसा सावकाश भरून येतात, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक होतं. दोष तंतूचा की शेजाऱ्यांचा, हे मात्र कळत नव्हतं. २०१४ मध्ये पेंटर, वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये नसांचीच अदलाबदल केली. तरुण उंदराच्या नसेचा तुकडा म्हाताऱ्या उंदरात बसवला, तर म्हाताऱ्याचे तंतूही चांगले वाढले. म्हाताऱ्याचा तुकडा तरुणात बसवला, तर तरुणाचे तंतू रेंगाळले. म्हणजे म्हातारपणी तंतूची उमेद बऱ्यापैकी टिकते. वाट साफ करणाऱ्या श्वान पेशी मंद होतात. उतारवयातल्या दुखापतींवर उपाय शोधणाऱ्यांना या प्रयोगानं दिशा दिली.

विषाकडे परत येतो, कारण ज्या विषानं एवढे जीव घेतले त्यानंच वैद्यकाला एक आजार उलगडून दिला. १९६३ मध्ये तैवानमध्ये चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून दोन घटक वेगळे केले. अल्फा बुंगारोटॉक्सिन स्नायूच्या ग्राहकाला घट्ट चिकटतं. बीटा बुंगारोटॉक्सिन बोंड नष्ट करतं. अल्फाची पकड इतकी पक्की, की त्याला किरणोत्सारी खूण लावली तर स्नायूवर नेमके किती ग्राहक आहेत ते मोजता येतं. १९७३ मध्ये अमेरिकेत फँब्रो, ड्राखमन आणि सत्यमूर्ती यांनी मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजाराच्या रुग्णांच्या स्नायूंतले ग्राहक असे मोजले आणि ते फार कमी भरले. या आजारातही सकाळी बरा असणारा माणूस संध्याकाळी पापण्या उचलू शकत नाही. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी सशांवरच्या प्रयोगात दाखवलं, की शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या ग्राहकांवर उलटू शकते. आज या रुग्णांना मिळणारे बरेचसे उपचार या दोन कामांवर उभे आहेत.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. मण्यारीच्या रुग्णाचा मेंदू शाबूत असतो. बाहुलीचे स्नायूही लुळे पडल्यामुळे ती उजेडाला दाद देत नाही, त्यामुळे तो मेंदूमृत असल्यासारखा दिसतो. भारतातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या नोंदी छापल्या आहेत. सगळी लक्षणं मेंदू मेल्याची, आणि पुढे रुग्ण पूर्ण बरा. शुद्धीवर आल्यावर काहींनी खाटेभोवतीचं बोलणंही सांगितलं आहे. मेंदूमृत ठरवण्याआधी विषबाधा वगळावी लागते, हा नियम अशा रुग्णांत काटेकोर पाळायलाच हवा. पाहुण्यांनी खाटेपाशी निरवानिरवीचं बोलू नये. त्याचं नाव घेऊन बोलावं, त्याला दिवस-वार सांगावा.

खरा घात होतो तो वाटेत. स्नायूवरची बोंडं परत येतात, पण श्वास थांबून प्राणवायू तुटला तर मेंदूच्या पेशी काही मिनिटांत मरायला लागतात आणि त्या परत येत नाहीत. परत न येणाऱ्या तंतूंची गेल्या आठवड्यातली आणि परत येणाऱ्या बोंडांची या आठवड्यातली गोष्ट इथे एकत्र येते. पठारावरच्या वाडीतून भगताकडे, तिथून देवळात आणि मग दवाखान्यात, अशी वाट धरली की जो माणूस पुढे आठ-पंधरा दिवसांत घरी चालत आला असता, तो रस्त्यातच जातो. आपल्याच पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला डॉ. सदानंद राऊत कित्येक वर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आले आहेत आणि गावोगाव हेच सांगत फिरले आहेत. वेळेवर आलेला रुग्ण वाचतो.

सर्पदंशाचा प्रश्न किरकोळ नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाची दुर्लक्षित आजारांत नोंद केली. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय कृती आराखडा आणला.

आपल्या हातात काय आहे? मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. म्हणून पावसाळ्यात बाजेवर किंवा पलंगावर झोपा. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश खूपच कमी झाल्याचं दिसलं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात कळ आली आणि पापण्या जड झाल्या, तर खूण शोधत बसू नका. चिरू नका, दोर आवळू नका. हातपाय हलू न देता १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट मोठं रुग्णालय गाठा. वाटेत श्वास थांबला तर तोंडानं श्वास देत राहा. आणि डॉक्टर ‘थांबा’ म्हणत असतील, तर व्हेंटिलेटर काढायची घाई करू नका. टोकं वाढायला दिवस लागतात, तेवढे दिवस त्याला श्वास मिळायला हवा.