उजव्या कुशीतील दुखणे : समज, गैरसमज व दक्षता

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा एक कलाशाखेचा पदवीधर. परंतु आमच्या घरात घडलेली एक गोष्ट आठवली आणि ती समाजबांधवांपुढे ठेवावी असे वाटले.

आमच्या वहिनींना जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखत असे. "पित्त झालंय, दुसरं काही नाही," असे त्या म्हणत. आम्हीही मान डोलावत असू. कधी सोडा, कधी ओवा, कधी दुकानातून आणलेली गोळी. अशी दोन वर्षे गेली. एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले आणि घाईने बारामती गाठावी लागली. पित्ताशयात खडे होते व त्यातला एक नळीत अडकला होता. वहिनी वाचल्या. मात्र पुतणीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागली. ती मोडण्याची पावती आम्ही स्वतःच्या हाताने भरली. तेव्हापासून 'पित्त' हा शब्द ऐकला की आम्ही थांबून दोन प्रश्न विचारतो.

मुळात उजव्या बरगडीखाली आहे काय? तेथे यकृत आहे. वजन सुमारे दीड किलो. शरीराच्या आतील सर्वांत मोठा अवयव. ते अन्नातील साखर साठवते, विषारी द्रव्ये निकामी करते व पित्तरस तयार करते. हा पित्तरस यकृताखालच्या पित्ताशय नावाच्या लहानशा पिशवीत साठतो आणि तेलकट-तुपकट अन्न आले की आतड्यात सोडला जातो. शेजारीच आतड्याचा पहिला भाग, मोठ्या आतड्याचे वळण, मागे उजवे मूत्रपिंड आणि वर उजवे फुप्फुस. म्हणजे एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे! आवाज कोणत्या खोलीतून आला हे बाहेरून कळत नाही. म्हणून दुखण्याच्या जागेबरोबरच त्याच्या सोबत काय येते, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

पहिले कारण पित्ताशयातील खडे. चाळिशीच्या पुढील स्त्रिया, स्थूल व्यक्ती व बाळंतपणे झालेल्या भगिनी यांच्यात ते अधिक आढळतात, पुरुषांनाही होतात. जेवणानंतर, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर, कळ येते, ती अर्धा तास ते काही तास राहते आणि पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत जाते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हे खडे म्हणजे मुतखडा नव्हे. भरपूर पाणी पिऊन किंवा पाल्याचा रस घेऊन ते लघवीवाटे पडत नाहीत, कारण पित्ताशयाचा मार्ग लघवीकडे जातच नाही. अनेकांचे खडे आयुष्यभर त्रास देत नाहीत व त्यांना हातही लावावा लागत नाही. पण त्रास सुरू झाला की बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. पूर्वी त्यासाठी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे, लहान छिद्रांतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आपल्या देशात प्रथम केली. आज ती तालुक्याच्या ठिकाणीही होते व रुग्ण लवकर घरी येतो.

दुसरे कारण यकृताची सूज, म्हणजेच बोलीभाषेत कावीळ. 'अ' आणि 'ई' प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून पसरते. १९५५-५६ साली दिल्लीत आणि २०१२ साली आपल्या इचलकरंजीत काविळीच्या मोठ्या साथी आल्या. दोन्हींच्या मुळाशी सांडपाणी मिसळलेले पिण्याचे पाणी होते. 'ई' प्रकार गरोदर स्त्रियांना जिवावर बेततो. वडगाव निंबाळकरच्या आसपास पाटाचे पाणी आहे आणि उसाच्या हंगामात ऊसतोड कामगारांची खोपटी पडतात. तेथे पाणी उकळून पिण्याची सोय नसते, ही आपल्या सर्वांची काळजी असावयास हवी. 'ब' आणि 'क' प्रकार रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून व आईकडून बाळाला होतात. 'ब' ला लस आहे. ती बाळाला जन्मतःच चोवीस तासांत द्यावी. 'क' आता गोळ्यांनी बरी होते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली यांची तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत मोफत मिळतात.

काविळीसाठी आपल्याकडे गळ्यात माळ घालतात, हातावर चुना चोळून 'पिवळे' उतरवतात, कोठे कोठे डागही देतात. माळेच्या ओल्या काड्या सुकल्या की माळ आपोआप सैल होऊन लांबते. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून वर चुन्याचे पाणी ओतले की पिवळा रंग निघतो; निरोगी माणसाच्या हातावरही तो तसाच निघेल! 'अ' व 'ई' कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला जाते. परंतु पित्तनळीत खडा अडकून झालेली कावीळ माळेने कशी सुटणार? तेथे गेलेला प्रत्येक दिवस महागात पडतो.

तिसरे कारण दारू. यकृत मुकाट्याने सोसते; त्याच्या आत वेदना फारशी जाणवत नाही, वरचे आवरण ताणले की दुखते. तोवर बराच बिघाड झालेला असतो. पाचवे शील आपण वंदनेत म्हणतो. ते यकृतासाठीही तितकेच हिताचे आहे. दारू न पिणाऱ्यांच्याही यकृतात चरबी साठते, विशेषतः मधुमेह असलेल्या व पोट सुटलेल्या माणसांत. आमच्यासारख्या दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

चौथे कारण यकृतातील गळू. आमांशाचे जंतू दूषित अन्नपाण्यातून आतड्यात व तेथून यकृतात जातात. ताप, उजव्या बाजूचे जड दुखणे, वजन घटणे अशी लक्षणे दिसतात. वेळीच ओळखले तर औषधाने बरे होते.

याशिवाय आतड्यातील व्रण, मूत्रपिंडातील खडा, उजव्या फुप्फुसाचा न्यूमोनिया, पुरळ उठण्यापूर्वी आग करणारी नागीण, आणि मोळ्या उचलून लचकलेला स्नायू, यांचेही दुखणे याच जागी येऊ शकते. क्वचित हृदयविकाराचा झटकाही पोटाच्या वरच्या भागातील दुखण्याने सुरू होतो आणि माणूस 'गॅस' समजून झोपी जातो.

तेव्हा केव्हा थांबू नये? दुखण्याबरोबर थंडी-ताप असेल. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा शौच पांढुरके होत असेल. उलटीत रक्त किंवा काळी शौच असेल. पोट कडक झाले असेल. घाम फुटून छाती दडपत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात उजव्या बरगडीखाली दुखून डोके ठणकत असेल वा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब तातडीने तपासावा. आई व बाळ दोघांनाही धोका असतो. यापैकी काहीच नसेल, पण दुखणे पुन्हा पुन्हा येत असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. बहुतेक वेळा रक्ताची तपासणी आणि उपाशीपोटी केलेली सोनोग्राफी एवढ्यावर बराच उलगडा होतो. तोवर वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी व्रण वाढतो.

राहिला पैशाचा प्रश्न. काउंटरपलीकडे दागिने गहाण ठेवायला आलेली माणसे आम्ही रोज पाहतो; त्यांतील कित्येकांच्या हातात दवाखान्याची फाईल असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला आजार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड एका पिशवीत तयार ठेवावे. विद्यार्थी मित्रांनी वस्तीतील वडीलधाऱ्यांचे एवढे काम केले तरी फार झाले.

दुखणे अंगावर काढणे म्हणजे सोशिकपणा, असे आपल्या आयाबहिणींना शिकवले गेले. तो सोशिकपणा नव्हे, ते कर्ज आहे. व्याज चढतच जाते. घरातील कोणी "पित्त झालंय" म्हणाले, तर सोडा आणण्यापूर्वी एवढेच विचारावे : किती दिवसांपासून? आणि सोबत काय होते? आम्ही वहिनींना हे दोन प्रश्न दोन वर्षे विचारले नाहीत. आपण विचारावेत, एवढीच विनंती.