संगणकाची गती व तिची मर्यादा

हल्ली पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून तयार संगणक विकत न घेता त्याचे निरनिराळे भाग आणून तो घरीच जुळविण्याची चाल पडली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरीच्या पट्ट्या असे सर्व साहित्य मिळते, आणि कॉलेजात जाणारी मुले ते एका दुपारी जुळवूनही टाकतात. यंत्र सुरू झाले म्हणजे काम संपले, असा घरच्या मंडळींचा समज होतो. वास्तविक प्रोसेसर व मेमरी यांचे वेग ठरवून देणे हे महत्त्वाचे काम तेथे शिल्लक असते. ते न केल्यास पैसे मोजून घेतलेली गती वर्षानुवर्षे निजून राहते. अविचाराने केल्यास घरचे हिशेब, छायाचित्रे व लेखन यांस अपाय पोहोचतो. यास्तव वडीलधाऱ्या मंडळींनीही हा विषय समजून घेणे इष्ट होय.

संगणकातील सर्व व्यवहार एका मूळ ठेक्यावर चालतो. आजच्या घरगुती यंत्रांत हा ठेका बहुधा १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास दहा कोटी ठोक्यांचा असतो. गवई जशी दुगुन, चौगुन करतो, तशी प्रोसेसर या ठेक्याची पट करतो. उदाहरणार्थ, एएमडी कंपनीचा रायझेन ५ ५६०० हा प्रोसेसर घ्या. त्याचा पायाभूत वेग ३५ पट, म्हणजे ३५०० मेगाहर्ट्झ आहे. काम पडताच तो आपले तापमान व विजेचा खर्च पाहून आपण होऊन ४४०० पर्यंत चढतो आणि काम सरताच खाली उतरतो. अशा शहाण्या यंत्रास हाताने हाकण्याचे प्रयोजन सामान्य गृहस्थास क्वचितच पडते.

पूर्वी स्थिती निराळी होती. प्रोसेसर व मेमरी यांच्यामधील सामाईक मार्गाचा, म्हणजे बसचा, वेग पुष्कळ मदरबोर्डांवर लहान टोप्या काढघाल करून ठरवावा लागे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर आला. ६६ मेगाहर्ट्झची बस आणि साडेचार पट, मिळून वेग ३००. हौशी लोकांनी बस १०० वर नेली, तो तोच प्रोसेसर पुष्कळदा ४५० वर धावू लागला! परंतु कोणी बस ८३ वर ठेवली, तर निराळेच संकट उभे राही. डिस्क व इतर कार्डे यांचा मार्ग त्याच बसच्या भागाकाराने चाले; त्याचा वेग ३३ च्या ठिकाणी ४१ वर जाई आणि डिस्कवरील मजकूर बिघडण्याचा धोका संभवे. पुढे मेमरीचा नियंत्रक प्रोसेसरमध्येच समाविष्ट झाला. एएमडीने २००३ साली व इंटेलने २००८ साली घरगुती संगणकांत हा बदल केला. त्यामुळे आता मेमरीचा वेग डिस्कला धक्का न लावता ठरविता येतो.

आता मेमरीकडे वळू. डीडीआर ४ जातीच्या पट्टीच्या वेष्टनावर ३२०० हा आकडा असतो. प्रत्येक ठोक्यास दोन वेळा देवघेव होते, म्हणून प्रत्यक्ष ठेका १६०० मेगाहर्ट्झचा. परंतु नवी पट्टी बसविताच मदरबोर्ड सावधगिरीने तिला पुष्कळदा २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालवितो. प्रत्येक देवघेवीस आठ बाइट जातात. म्हणजे २१३३ वर सेकंदास सुमारे १७,००० मेगाबाइट, तर ३२०० वर २५,६००. एका मोठ्या पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या, पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत बसविल्या, तर हा प्रवाह दुप्पट होतो. पत्रलेखनात हा फरक जाणवणार नाही. खेळ व चित्रफितींच्या कामांत मात्र तो दिसून येतो.

यासाठी यंत्र सुरू होताना डिलीट कळ दाबून बायोसमध्ये शिरावे. तेथे एक्सएमपी किंवा डीओसीपी या नावाची सोय असते. ती निवडताच पट्टीत नोंदलेला वेग, प्रतीक्षेचे आकडे व विजेचा दाब, बहुधा १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट, लागू होतात. मग विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेग पाहून खात्री करावी.

मोठा आकडा पाहून मात्र भुलू नये. ३२०० ची पट्टी १६ ठोके थांबत असेल, तर ती प्रतीक्षा १० नॅनोसेकंदांची. ३६०० ची पट्टी १८ ठोके थांबत असेल, तरी प्रतीक्षा तेवढीच. शिवाय या रायझेनमध्ये मेमरी व प्रोसेसरचा अंतर्गत मार्ग यांनी समपावली चालावे लागते. ३६०० च्या फार पुढे गेल्यास बहुधा ती जोडी फुटते आणि प्रतीक्षा उलट वाढते. या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ३२०० च आहे. चार पट्ट्या लावल्यास ती आणखी खाली येते. मर्यादेपलीकडे जाणाऱ्याने हमीवर विसंबू नये.

वेदपठणात द्रुत, मध्य व विलंबित अशा तीन वृत्ती सांगितल्या आहेत. द्रुत पठणात दोष नाही. दोष आहे तो अक्षर गळण्यात. मेमरीचेही तसेच आहे. तिचे एखादे अक्षर चुकले, तर यंत्र दरवेळी बंद पडतेच असे नाही; चुकीचा आकडा निमूटपणे हिशेबात जाऊन बसतो आणि महिन्यांनी उघडकीस येतो. म्हणून वेग बदलल्यावर मेमटेस्ट८६+ ही विनामूल्य परीक्षा रात्रभर चालवावी. तीत एकही चूक निघाली, तर वेग एक पायरी उतरवावा; शेकडा नव्याण्णव गुण येथे अनुत्तीर्णच होत. यंत्र सुरूच न झाले, तर वीज तोडून पुस्तिकेत दाखविलेल्या जागी सीमॉस पुसावा, म्हणजे मूळ मांडणी परत येते.

तात्पर्य, मुलांनी वेग वाढवावा व वडिलांनी परीक्षेचा निकाल मागावा. तो हाती येईपर्यंत घरचे हिशेब व छायाचित्रे यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ठेवावी, हेच उत्तम.